काल चालणारा फ्लटरचा अँड्रॉइड बिल्ड आज का फुटला? आधी जावा तपासा

"मी कोडला हातही लावलेला नाही, तरी बिल्ड होत नाही." फ्लटरवर (डार्ट भाषेत ॲप बनवायचं गुगलचं साधन) काम करणाऱ्या टीममध्ये हे वाक्य अधूनमधून ऐकू येतंच, आणि बहुतेक वेळा बोलणारा खरंच बोलत असतो. डार्टच्या एका ओळीतही बदल नसतो. बदललेलं असतं ते प्रोजेक्टच्या बाहेरचं काहीतरी: अँड्रॉइड स्टुडिओ अपडेट झालेला असतो, फ्लटरचं नवं व्हर्जन आलेलं असतं, किंवा एखादं प्लगइन गुपचूप पुढे सरकलेलं असतं. मग टर्मिनलवर लाल अक्षरांचा पूर येतो, आणि घाईघाईत 'फ्लटर क्लीन', मग लॅपटॉप रीस्टार्ट, मग सगळंच काढून पुन्हा इन्स्टॉल, असा अर्धा दिवस जातो. नव्याने शिकणारी मुलं तर इथेच हिंमत हरतात. फ्लटर आपल्याला जमत नाही असं त्यांना वाटायला लागतं, जेव्हा अडचण फ्लटरची नसतेच.

म्हणून हा प्रश्न एकदा मुळापासून मांडतोय. आज्ञा, फाइलींची नावं आणि एरर देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं वापरा.

गाठ कुठे आहे

फ्लटरचं अँड्रॉइड ॲप बांधताना पाच गोष्टींची व्हर्जनं एकमेकांना धरून असतात. जेडीके म्हणजे जावा. त्या जावावर चालणारं ग्रेडल, म्हणजे ॲप बांधून देणारं साधन. ग्रेडलच्या आत चालणारं अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन, ज्याला सगळे एजीपी म्हणतात. मग कॉटलिन, अँड्रॉइडच्या बाजूच्या कोडची भाषा. आणि शेवटी तुम्ही पबस्पेकमध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या पॅकेजांची यादी असलेली फाइल) घेतलेली प्लगइन्स, ज्यांच्या प्रत्येकाच्या पोटात स्वतःचं एक छोटं अँड्रॉइड प्रोजेक्ट असतं. यातली पबस्पेकमध्ये दिसतात फक्त शेवटची. ग्रेडल, एजीपी आणि कॉटलिन 'अँड्रॉइड' फोल्डरमध्ये लिहिलेली असतात, जे फोल्डर प्रोजेक्ट सुरू झाल्यापासून कोणी उघडलेलं नसतं. आणि जावा प्रोजेक्टमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. तो तुमच्या मशीनवरून उचलला जातो.

सगळ्यात जास्त घात हा शेवटचा मुद्दा करतो.

फ्लटर कोणता जावा वापरतंय?

'जावा -व्हर्जन' चालवून मिळालेल्या उत्तरावर विसंबू नका. फ्लटर जावा शोधतो तो ठरलेल्या क्रमाने. आधी 'फ्लटर कॉन्फिग'मध्ये तुम्ही स्वतः दिलेला जेडीकेचा पत्ता. तो दिलेला नसेल तर अँड्रॉइड स्टुडिओसोबत आलेला जेडीके. तोही नसेल तर जावा-होम (जावाचा पत्ता सांगणारं सिस्टमचं व्हेरिएबल), आणि अगदी शेवटी पाथवर सापडेल तो. म्हणजे मशीनवर अँड्रॉइड स्टुडिओ असेल तर जावा-होम कितीही बदला, फ्लटर त्याकडे बघतच नाही. आणि म्हणूनच 'अँड्रॉइड' फोल्डरमध्ये जाऊन थेट 'ग्रेडल-डब्ल्यू' (ग्रेडल चालवणारी प्रोजेक्टमधली स्क्रिप्ट) चालवलं तर बिल्ड होतो आणि 'फ्लटर रन' मात्र पडतो, असा चक्रावून टाकणारा प्रकार दिसतो. ग्रेडल-डब्ल्यू जावा-होम मानतो, फ्लटर स्टुडिओचा जावा घेतो. एकाच फोल्डरवर दोन वेगळे जावा चालत असतात.

खरं उत्तर 'फ्लटर डॉक्टर -व्ही' देतं. त्यात अँड्रॉइड टूलचेनच्या खाली जावाचा पूर्ण पत्ता आणि व्हर्जन छापलेलं असतं. बिल्ड फुटला की सर्वात आधी ही एक ओळ वाचा.

अँड्रॉइड स्टुडिओच्या फ्लेमिंगो व्हर्जनसोबत जेडीके १७ यायचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये लेडीबग आलं आणि त्यासोबत जेडीके २१ आला. ज्यांनी विश्वासाने अपडेटचं बटण दाबलं त्यांच्या जुन्या प्रोजेक्टचे बिल्ड दुसऱ्या दिवशी पडले, ते यामुळे. तिथे दिसणाऱ्या दोन एरर ओळखून ठेवा.

पहिली: 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५'. हा आकडा जावाच्या व्हर्जनचाच आहे, त्यातून ४४ वजा करा. ६५ म्हणजे जावा २१, ६१ म्हणजे १७, ५५ म्हणजे ११. जावा २१ वर ग्रेडल चालायला ग्रेडल किमान ८.५ हवं, तुमचं त्याआधीचं असेल तर ते २१ ला ओळखतच नाही. (जावा १७ साठी ही मर्यादा ग्रेडल ७.३ आहे.)

दुसरी जरा फसवी आहे. ग्रेडल नवं असतं, पहिली एरर येत नाही, पण 'जेडीके-इमेज-ट्रान्सफॉर्म', 'कोअर-फॉर-सिस्टम-मॉड्यूल्स डॉट जार' आणि 'जेलिंक' असे शब्द असलेला लांबलचक मजकूर येतो. बिचारे लोक फाइल खराब झाली समजून ती पुसत बसतात. फाइलचा काही दोष नाही. ८.२.१ च्या आधीच्या एजीपीला जावा २१ सोबत असलेला हा ज्ञात बग आहे. उपाय दोनच: एजीपी ८.२.१ किंवा पुढचं घ्या, नाहीतर जावा १७ वर या.

आज संध्याकाळी क्लायंटला एपीके (ॲपची इन्स्टॉल होणारी फाइल) द्यायचं असेल तर दुसरा मार्ग धरा. जेडीके १७ वेगळा इन्स्टॉल करा, 'फ्लटर कॉन्फिग --जेडीके-डिर' पुढे त्याच्या फोल्डरचा पत्ता द्या (विंडोजवर पत्त्यात मोकळी जागा असेल तर अवतरणचिन्हांत), आणि 'फ्लटर डॉक्टर -व्ही' चालवून तोच दिसतोय ना बघा. लक्षात घ्या, ही सेटिंग त्या मशीनवरच्या सगळ्या फ्लटर प्रोजेक्टना लागू होते, एकाच प्रोजेक्टला नाही. पण १७ च्या बाबतीत त्याची फारशी भीती नाही. एजीपी ८ ची किमान अट जावा १७ हीच आहे आणि ग्रेडल ७.३ पासून पुढे तो चालतो. जुनी-नवी प्रोजेक्टं एकत्र सांभाळणाऱ्यांनी १७ पक्का करून ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अँड्रॉइड स्टुडिओ मग हवा तितका अपडेट होऊ दे.

उलट बाजूची एररही असते: 'अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन रिक्वायर्स जावा १७ टू रन', आणि पुढे तुम्ही ११ वापरताय असं. तिचा अर्थ सरळ आहे, उपाय तोच.

एरर वाचायची कशी

टर्मिनलवर दोनशे ओळी आल्या तरी कामाच्या चार-पाचच असतात. वर सरकत जाऊन 'व्हॉट वेंट राँग' शोधा. एकापेक्षा जास्त असतील तर सर्वात वरचं. त्याच्या लगेच खाली कुठलं टास्क पडलं ते लिहिलेलं असतं आणि टास्कच्या नावातच पत्ता असतो. सुरुवातीला 'ॲप' असेल तर दुरुस्ती तुमच्या प्रोजेक्टमध्ये करायची आहे. तिथे एखाद्या प्लगइनचं नाव असेल तर दोष त्या प्लगइनच्या अँड्रॉइड भागात आहे, आणि तुम्ही स्वतःच्या बिल्ड फाइलमध्ये कितीही बदल केलेत तरी तो बहुधा सुटणार नाही. एवढा एक फरक कळला तरी अर्धा त्रास वाचतो.

'फ्लटर क्लीन'बद्दल इथेच सांगतो. ते बिल्डचं फोल्डर आणि डार्टची तात्पुरती साधनं पुसतं. व्हर्जनांचं भांडण त्याने मिटत नाही. फक्त पुढचा बिल्ड पुन्हा शून्यापासून चालतो आणि तीच एरर उशिरा दिसते. ते चालवायला हरकत नाही, पण व्हर्जन बदलल्यानंतर, आधी नाही.

व्हर्जनं कोणत्या क्रमाने वर न्यायची

आधी जावा, मग ग्रेडल, मग एजीपी, मग कॉटलिन, शेवटी प्लगइन्स. ग्रेडलचं व्हर्जन 'अँड्रॉइड/ग्रेडल/रॅपर' मधल्या 'ग्रेडल-रॅपर डॉट प्रॉपर्टीज' फाइलीत 'डिस्ट्रिब्युशन यूआरएल'च्या ओळीत असतं. एजीपी आणि कॉटलिन नव्या प्रोजेक्टमध्ये 'सेटिंग्ज डॉट ग्रेडल'च्या 'प्लगइन्स' ब्लॉकमध्ये, जुन्यांत मुळाच्या 'बिल्ड डॉट ग्रेडल'मध्ये.

एजीपीच्या प्रत्येक व्हर्जनला किमान एक ग्रेडल लागतं. ७.४ ला ७.५, ८.० आणि ८.१ ला ८.०, ८.२ ला ८.२, ८.३ ला ८.४, ८.४ ला ८.६, ८.५ आणि ८.६ ला ८.७, ८.७ ला ८.९, ८.८ ला ८.१०.२, ८.९ ला ८.११.१. आकडे जवळजवळ सारखे दिसतात म्हणून लोक दोन्हीकडे एकच टाकतात आणि फसतात. 'मिनिमम सपोर्टेड ग्रेडल व्हर्जन इज...' अशी एरर आली तर ती हीच, आणि सुदैवाने हवा असलेला आकडा ती स्वतःच सांगते.

जावा, ग्रेडल आणि एजीपी एकमेकांना चालतात का, हे 'फ्लटर ॲनालाइझ --सजेशन्स' तपासून देतं. फार कमी जणांना ही आज्ञा माहीत आहे, ती जरूर वापरा. बिल्डच्या वेळी 'तुमच्या ग्रेडल व्हर्जनचा सपोर्ट लवकरच काढला जाईल' असा पिवळा इशारा दिसत असेल तर तोही वाचा. ही तपासणी बंद करणारा एक पर्याय फ्लटरमध्ये आहे आणि लोक तो एकमेकांना सुचवतातही. तो वापरू नका. आजचा इशारा पुढच्या अपग्रेडला एरर होऊन येतो आणि तेव्हा एक नाही, चार पायऱ्या एकदम चढाव्या लागतात.

'नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड'

एजीपी ८ वर गेलेल्यांना सर्वात जास्त छळणारी ही एरर. आधी ॲपचं किंवा लायब्ररीचं नेमस्पेस मॅनिफेस्ट फाइलीतल्या 'पॅकेज'वरून घेतलं जायचं. २०२३ मध्ये आलेल्या एजीपी ८.० ने ते बंद केलं. आता 'बिल्ड डॉट ग्रेडल'च्या 'अँड्रॉइड' ब्लॉकमध्ये ते स्पष्ट लिहावं लागतं. तुमच्या ॲपपुरतं हे एका ओळीचं काम आहे. मॅनिफेस्टमध्ये 'पॅकेज'ला जे होतं तेच नेमस्पेसला द्या आणि मॅनिफेस्टमधून ते काढून टाका.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. नेमस्पेस आणि ॲप्लिकेशन-आयडी एक नाहीत. बहुतेक प्रोजेक्टमध्ये दोन्हींची किंमत सारखी असते, म्हणून घोटाळा होतो. नेमस्पेस कोडच्या आतल्या कामासाठी असतं. ॲप्लिकेशन-आयडी ही प्ले स्टोअरवरची तुमच्या ॲपची ओळख असते. एरर घालवायच्या धडपडीत ॲप्लिकेशन-आयडी बदललात तर प्ले स्टोअरच्या लेखी ते वेगळंच ॲप होतं, आणि आधीच्या वापरकर्त्यांना त्याचं अपडेट जात नाही. त्याला हात लावू नका. नेमस्पेस मात्र तुमच्या 'मेन-ॲक्टिव्हिटी' फाइलीच्या पहिल्या ओळीतल्या पॅकेजशी जुळलं पाहिजे. मॅनिफेस्टमध्ये ॲक्टिव्हिटीचं नाव बहुधा टिंबाने सुरू होणारं असतं आणि त्याचा पुढचा भाग नेमस्पेसवरून भरला जातो. ते जुळलं नाही तर बिल्ड नीट होतो, आणि ॲप उघडताक्षणी बंद पडतं.

आता प्लगइनची बाजू. एररमध्ये दुसऱ्याच प्लगइनचं नाव असेल तर 'फ्लटर पब आउटडेटेड' चालवून त्याचं नवं व्हर्जन आहे का बघा. चालू स्थितीतल्या बहुतेक प्लगइन्सनी ही दुरुस्ती केव्हाच केलेली आहे. पबस्पेकमध्ये जुनं व्हर्जन बांधून ठेवल्यामुळे ती तुमच्यापर्यंत पोचलेली नसते, इतकंच.

प्लगइन बेवारस असेल तर? पब-कॅश (उतरवलेली पॅकेजं जिथे साठतात त्या) फोल्डरमध्ये शिरून त्याच्याच बिल्ड फाइलीत नेमस्पेसची ओळ टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. तुमच्या मशीनवर बिल्ड होईलही, पण सहकाऱ्याच्या मशीनवर नाही, सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) नाही, आणि तुमच्याकडेही कॅश नव्याने उतरली की पुन्हा नाही. त्याऐवजी त्या प्लगइनचा फोर्क (स्वतःची प्रत) करा, दुरुस्ती त्यात करा आणि पबस्पेकच्या 'डिपेंडन्सी ओव्हरराइड्स'मध्ये गिटचा पत्ता आणि नेमका कमिट द्या. थोडं जास्त काम आहे, पण ते सगळ्यांसाठी एकदाच होतं. मूळ रेपॉझिटरीला पुल रिक्वेस्टही पाठवा. सांभाळणारा माणूस पुष्कळदा एकटा आणि बिनपगारी असतो. तयार दुरुस्ती हातात आली तर तो आनंदाने घेतो, आणि आपल्यासारख्या इतर अनेकांची सोय होते.

तिसरा मार्ग मुळाच्या बिल्ड फाइलीत 'सबप्रोजेक्ट्स' ब्लॉक लिहून, ज्या प्लगइनला नेमस्पेस नाही त्याला ते देण्याचा. तो तात्पुरता म्हणून ठीक आहे. मात्र हा ब्लॉक 'इव्हॅल्युएशन-डिपेंड्स-ऑन'च्या ओळीच्या वर ठेवा. खाली ठेवलात तर 'प्रोजेक्ट आधीच इव्हॅल्युएट झाला आहे' अशी वेगळीच एरर येईल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत राहाल.

जावा आणि कॉटलिनचं जुळत नाही

'इनकन्सिस्टंट जेव्हीएम-टार्गेट' अशी एरर आली, त्यात एकीकडे १.८ आणि दुसरीकडे १७ दिसलं, तर जावा आणि कॉटलिन वेगवेगळ्या टार्गेटसाठी कंपाइल होताहेत. ॲपच्या बिल्ड फाइलीत 'कंपाइल ऑप्शन्स'मधली दोन्ही मूल्यं आणि कॉटलिनचं 'जेव्हीएम टार्गेट' एकच करा. टास्क प्लगइनचं असेल आणि प्लगइनचं नवं व्हर्जन नसेल, तर 'ग्रेडल डॉट प्रॉपर्टीज'मध्ये 'कॉटलिन डॉट जेव्हीएम डॉट टार्गेट डॉट व्हॅलिडेशन डॉट मोड'ला 'वॉर्निंग' देऊन वेळ निभावता येते.

कॉटलिनचीच दुसरी एरर 'इनकम्पॅटिबल व्हर्जन ऑफ कॉटलिन' आणि मेटाडेटाचे दोन आकडे अशी असते. एखादी लायब्ररी तुमच्यापेक्षा नव्या कॉटलिनवर बांधलेली आहे, तुमचं वाढवा. वाढवूनही फरक पडला नाही तर ते भलत्या जागी वाढवलेलं असतं. 'सेटिंग्ज डॉट ग्रेडल'मध्ये कॉटलिनची ओळ असताना जुन्या 'कॉटलिन-व्हर्जन' व्हेरिएबलकडे कोणी बघत नाही.

फ्लटर ३.२९ नंतरची पडझड

फेब्रुवारी २०२५ मधल्या फ्लटर ३.२९ ने दोन जुन्या वाटा कायमच्या बंद केल्या. ग्रेडल फाइलीत 'अप्लाय फ्रॉम' लिहून फ्लटरचं प्लगइन जोडण्याची पद्धत गेली, ३.१६ पासून त्याजागी 'प्लगइन्स' ब्लॉकची पद्धत उपलब्ध होती. आणि अँड्रॉइडचं पहिलं एम्बेडिंग (फ्लटरला अँड्रॉइड ॲपशी जोडणारा भाग) गेलं, ज्याची जागा डिसेंबर २०१९ मध्ये फ्लटर १.१२ सोबत दुसऱ्याने घेतली होती. पहिल्याची एरर 'इम्परेटिव्हली' आणि 'नॉट पॉसिबल एनीमोअर' म्हणते. दुसऱ्यात 'रजिस्ट्रार' हे चिन्ह सापडत नाही असं येतं, आणि ते बहुधा एखाद्या जुन्या प्लगइनमधूनच येतं; तिथे वर सांगितलेला फोर्कचा मार्ग, किंवा दुसरं प्लगइन.

पहिल्यासाठी जुन्या फाइली ओळ-ओळ दुरुस्त करत बसू नका. सगळं गिटमध्ये कमिट करा, 'अँड्रॉइड' फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा, प्रोजेक्टच्या मुळाशी 'फ्लटर क्रिएट --प्लॅटफॉर्म्स' ला अँड्रॉइड देऊन ते फोल्डर नव्याने तयार करा, आणि मग जुन्यातलं तुमचं स्वतःचं तेवढं उचलून आणा: ॲप्लिकेशन-आयडी, नेमस्पेस, मेन-ॲक्टिव्हिटीतला स्वतःचा कोड, मॅनिफेस्टमधल्या परवानग्या, साइनिंगची मांडणी आणि की-प्रॉपर्टीज, गुगल-सर्व्हिसेसची फाइल, किमान एसडीके, आयकॉन. नव्या फोल्डरमध्ये ग्रेडल, एजीपी आणि कॉटलिन त्या फ्लटर व्हर्जनसोबत तपासलेले मिळतात. तीन-चार वर्षं जुन्या प्रोजेक्टसाठी याहून खात्रीचा मार्ग मला माहीत नाही.

अर्धवट उतरलेलं ग्रेडल

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांसाठी, किंवा जिथे मध्येच वीज जाते तिथल्यांसाठी: एररमध्ये 'झिप एक्सेप्शन' किंवा 'झिप एंड हेडर नॉट फाउंड' असेल तर ग्रेडलची झिप अर्धीच उतरलेली आहे. होम फोल्डरमधल्या 'डॉट ग्रेडल/रॅपर/डिस्ट्स' मध्ये त्या व्हर्जनचं फोल्डर तेवढं पुसा आणि पुन्हा चालवा. डिस्ट्रिब्युशनच्या ओळीत '-ऑल' असेल तर '-बिन' करा. बिल्डला तेवढं पुरतं आणि डेटा बराच वाचतो.

बिल्ड झाला, पण प्ले स्टोअरने अडवला

१ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट असलेल्या नव्या ॲपना आणि अपडेटना १६ केबी मेमरी पेजचा (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचा आकार) सपोर्ट लागतो. शुद्ध डार्टच्या कोडला याची झळ लागत नाही. प्लगइनसोबत येणाऱ्या 'एसओ' (सी किंवा सी++ सारख्या भाषांतून आधीच कंपाइल झालेल्या) लायब्ररींना लागते. एजीपी ८.५.१ किंवा पुढचं ठेवा. तुम्ही स्वतः सी किंवा सी++ कंपाइल करत असाल तर एनडीके (अँड्रॉइडसाठी सी/सी++ कंपाइल करायची साधनं) आर२८ घ्या, त्यात ही जुळणी आपोआप होते. मग अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमध्ये तयार फाइल उघडा; कोणती लायब्ररी जुळत नाही ते तिथे नावानिशी दिसतं. ती ज्या प्लगइनची, ते अपडेट करा. बंद स्रोताच्या एसडीकेसोबत आलेली असेल तर ती देणाऱ्यांकडून नवी मागून घेण्याशिवाय मार्ग नाही, म्हणून ही तपासणी रिलीजच्या आदल्या दिवशी ठेवू नका.

टीमसाठी शेवटचं काम: फ्लटरचं व्हर्जन एफव्हीएमने (फ्लटरची व्हर्जनं सांभाळणारं साधन) प्रोजेक्टमध्ये बांधा, पबस्पेक-लॉक आणि रॅपरची प्रॉपर्टीज फाइल गिटमध्ये ठेवा, सीआयच्या स्क्रिप्टमध्ये जावा १७ स्पष्ट लिहा. आणि अपग्रेड स्वतंत्र ब्रँचवर करा, ज्यात एकाही फीचरचा कोड नसेल.